अल्ब्युमिनची बाटली : केव्हा उपयोगी, केव्हा व्यर्थ

अतिदक्षता विभागात दाखल असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती औषधांची जी चिठ्ठी पडते, तिच्यावर एक नाव पुष्कळदा आढळते. ते म्हणजे 'ह्यूमन अल्ब्युमिन २० टक्के, १०० मि.लि.' औषधाच्या दुकानात या एका बाटलीला काही हजार रुपये मोजावे लागतात. चिठ्ठीवर कधी एक बाटली असते, कधी तीन, तर कधी 'रोज एक, पाच दिवस' असे लिहिलेले असते. घरात मिळवता हात एकच आणि तोच अंथरुणाला खिळलेला, अशा वेळी दागिना गहाण ठेवून, पतपेढीचे कर्ज काढून, भावकीत हात पसरून ही बाटली आणली जाते. तिने रुग्णाला नेमका काय फायदा होणार आहे, हे विचारण्याचे धैर्य त्या घाईत कुणाला होत नाही. विचारले तरी 'प्रोटीन कमी झाले आहे, ते भरून काढायचे आहे' एवढेच उत्तर मिळते आणि ते ऐकून आपले समाधान होते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेणे आपल्या सभासदांना उपयोगाचे आहे, आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना तर त्यात शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

अल्ब्युमिन म्हणजे काय?

अल्ब्युमिन हा शब्द आपल्या घरांत अगदीच अनोळखी नाही. गरोदर बाईची किंवा मधुमेही माणसाची लघवी तपासली की 'अल्ब्युमिन जाते आहे' असे सांगतात. तेच हे. अंड्याच्या पांढऱ्या बलकातही मिळत्याजुळत्या नावाचे, पण वेगळे प्रथिन असते, त्यावरून काही जण 'सलाईनमधून अंडे देतात' असा समज करून घेतात. तो चुकीचा आहे. बाटलीतले अल्ब्युमिन माणसाच्याच रक्तातून काढलेले असते.

आपल्या रक्तातून तांबड्या व पांढऱ्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव राहतो त्याला रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. त्यातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक भाग अल्ब्युमिनचा असतो. ते यकृतात तयार होते, रोज साधारण १० ते १५ ग्रॅम. निरोगी माणसाच्या रक्तात दर १०० मि.लि.ला साडेतीन ते पाच ग्रॅम इतके त्याचे प्रमाण असते. त्याचे काम दुहेरी आहे. एक म्हणजे हमालाचे : काही औषधे, चरबीची आम्ले, कावीळ झाल्यावर वाढणारे बिलिरुबिन अशा कित्येक पदार्थांना पाठीवर घेऊन ते रक्तातून इकडून तिकडे नेते. दुसरे काम पाणी धरून ठेवण्याचे. रक्तवाहिन्यांच्या सर्वांत बारीक फांद्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांच्या भिंतीतून पाणी सहज आरपार जाते, पण अल्ब्युमिनचा रेणू मोठा असल्याने तो बहुतांशी आतच राहतो आणि पाण्याला आत ओढून धरतो. या ओढीला शास्त्रात परासरणीय दाब म्हणतात, आणि प्रथिनांमुळे जो दाब निर्माण होतो त्याचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग एकट्या अल्ब्युमिनचा असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली हा हिशेब प्रथम मांडला.

एवढे वाचल्यावर कुणालाही वाटेल की, मग गोष्ट सोपी आहे. अल्ब्युमिन कमी झाले, पाणी वाहिनीबाहेर झिरपले, अंगावर सूज आली, रक्तदाब घसरला. तर बाहेरून अल्ब्युमिन द्यावे म्हणजे सारे पूर्ववत होईल. डॉक्टर मंडळींनाही कित्येक दशके असेच वाटत होते.

युद्धात जन्मलेले औषध

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना द्यायला रक्त हवे होते. पण रक्त फार दिवस टिकत नाही, ते थंड ठेवावे लागते आणि गट जुळवावा लागतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने प्लाझ्मातील प्रथिने एकेक करून वेगळी काढण्याची रीत शोधली. पाचव्या टप्प्यात जो भाग हाती आला तो जवळजवळ शुद्ध अल्ब्युमिनचा होता. लहानशा बाटलीत मावणारे, न नासणारे आणि रक्तगटाची अडचण नसलेले हे औषध युद्धभूमीला अगदी सोयीचे होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा भाजलेल्या खलाशांना ते देण्यात आले आणि तेथून त्याचा लौकिक झाला.

याच इतिहासाला लागून आणखी एक प्रकरण आहे, ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे. प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर जमवून, जंतुविरहित ठेवून दूरवर पाठविण्याची व्यवस्था ज्यांनी बसविली ते डॉ. चार्ल्स ड्रू हे कृष्णवर्णीय अमेरिकन शल्यवैद्य होते. १९४० साली त्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतून ब्रिटनला प्लाझ्मा गेला. पण अमेरिकेच्या रेडक्रॉसने युद्धासाठी रक्त गोळा करायला घेतले तेव्हा आरंभी काळ्या माणसांचे रक्त घेतलेच नाही, आणि १९४२ पासून घेतले तेही निराळ्या बाटल्यांत, निराळी चिठ्ठी लावून ठेवले. ही पद्धत १९५० पर्यंत चालली. रक्ताला वर्ण नसतो हे ज्याने शास्त्राने जाणले त्याच्याच रक्ताला वेगळी बाटली! विटाळाची कल्पना कोणत्या देशात कोणते रूप घेईल याचा नेम नसतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. (डॉ. ड्रू १९५० साली मोटार अपघातात गेले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना रक्त नाकारले म्हणून ते गेले, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापली जाते. ती खरी नाही. त्यांच्यावर उपचार झाले होते, पण जखमाच जीवघेण्या होत्या. अन्याय खरा असला तरी त्याच्या नावावर खोटी गोष्ट सांगू नये.)

युद्ध संपल्यावर अल्ब्युमिन सर्वसामान्य रुग्णालयांत आले. बाटलीबंद अल्ब्युमिन साठ अंश उष्णतेवर दहा तास तापवले जाते. त्यामुळे कावीळ ब आणि एच.आय.व्ही.सारखे विषाणू नष्ट होतात, आणि रक्तजन्य औषधांमध्ये ते सुरक्षित म्हणून ओळखले गेले. भाजणे, मोठ्या शस्त्रक्रिया, सेप्सिस, कुपोषण, जेथे जेथे अल्ब्युमिनचा आकडा खाली दिसला तेथे ते देण्याचा परिपाठ पडला.

आकडा वाढवणे आणि रुग्ण बरा होणे

येथे थोडा हिशेब मांडू. २० टक्क्यांच्या १०० मि.लि. बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असते. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३ लिटर प्लाझ्मा असतो. म्हणजे एक बाटली दिल्यावर प्रमाण दर १०० मि.लि.ला फार तर पाऊण ग्रॅमने वाढणार, आणि तेही थोडा वेळ. कारण अल्ब्युमिन फक्त रक्तात राहत नाही. शरीरातील एकूण अल्ब्युमिनपैकी निम्म्याहून अधिक भाग वाहिन्यांच्या बाहेर, पेशींमधल्या जागेत असतो. निरोगी माणसातही दर तासाला सुमारे पाच टक्के अल्ब्युमिन केशवाहिन्यांतून बाहेर पडते आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेने हळूहळू परत येते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सारे शरीर पेटून उठते तेव्हा, केशवाहिन्यांच्या भिंती ढिल्या होतात आणि ही गळती कितीतरी वाढते. बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतावे तशातला प्रकार. शिवाय बाहेर गेलेले अल्ब्युमिन तेथेही पाणी धरून ठेवतेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गंभीर आजारात अल्ब्युमिन कमी होते ते आजारामुळे. यकृत त्या काळात दाहाशी लढणारी दुसरी प्रथिने बनवण्यात गुंतलेले असते, गळती वाढलेली असते, आणि आपण शिरेतून चढवलेल्या सलाईनने रक्त पातळही झालेले असते. ज्याचा आकडा फार खाली गेला तो रुग्ण अधिक गंभीर, हे खरे. पण तो आकडा आजाराची खूण आहे. आजाराचे मूळ तेथे नाही. थर्मामीटर थंड पाण्यात बुडवल्याने ताप उतरत नाही.

'ताकद यावी म्हणून' अल्ब्युमिन देणे तर सर्वस्वी निरर्थक. दिलेल्या अल्ब्युमिनचा निम्मा भाग मोडायला सुमारे वीस दिवस लागतात. तेव्हा अन्न म्हणून त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. त्यातही ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्याच्या ५८५ कड्यांच्या साखळीत केवळ एकदाच येते. नाकातील नळीने दिलेली पेज, दूध, अंडे किंवा प्रथिनांची पावडर यांनी जे साधते ते या महागड्या बाटलीने साधत नाही.

१९९८ चा धक्का आणि त्यानंतरची परीक्षा

१९९८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॉक्रेन या संशोधकांच्या गटाने एक लेख प्रसिद्ध केला. तोवर झालेल्या ३० लहानमोठ्या चाचण्या व त्यांतील १४१९ रुग्ण एकत्र करून त्यांनी हिशेब मांडला, आणि निष्कर्ष असा निघाला की, अल्ब्युमिन दिलेल्या प्रत्येक शंभर रुग्णांमागे सहा मृत्यू अधिक झाले. पन्नास वर्षे ज्याला संजीवनी समजले तेच मारक! मोठी खळबळ उडाली. पण त्या चाचण्या लहान, जुन्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या होत्या, असा आक्षेपही तितक्याच जोराने घेतला गेला. वाद शब्दांनी मिटणारा नव्हता.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील डॉक्टरांनी मग योग्य तो मार्ग धरला. १६ अतिदक्षता विभागांतील ६९९७ रुग्णांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला शिरेतून द्यायचा द्रव म्हणून ४ टक्के अल्ब्युमिन, दुसऱ्याला साधे मिठाचे सलाईन. कुणाला काय मिळते आहे हे ना रुग्णाला माहीत, ना उपचार करणाऱ्यांना. 'सेफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ७२६ मृत्यू, सलाईनच्या गटात ७२९. म्हणजे फरक नाही. अल्ब्युमिन मारक नाही, तसे तारकही नाही. पूर्वी पुस्तकांत असे असे की, एक लिटर अल्ब्युमिनचे काम करायला तीन-चार लिटर सलाईन लागते. या अभ्यासात प्रत्यक्षात ते प्रमाण एकास सुमारे १.४ इतकेच निघाले. म्हणजे ज्या गुणासाठी एवढी किंमत मोजायची तो गुणही कागदावर होता त्यापेक्षा बराच कमी ठरला.

त्याच अभ्यासातील एक भाग मात्र काळजी करायला लावणारा होता. डोक्याला जबर मार लागलेल्या ४६० रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा अल्ब्युमिन मिळालेल्यांपैकी ३३ टक्के आणि सलाईन मिळालेल्यांपैकी २० टक्के दगावल्याचे २००७ मध्ये दिसून आले. डोक्याच्या गंभीर दुखापतीत रक्तदाब सावरण्यासाठी अल्ब्युमिन देऊ नये, हे तेव्हापासून सर्वमान्य झाले. मोटारसायकलच्या अपघातांत आपली तरुण पोरे रोज डोके फोडून घेतात, म्हणून ही एक बाब प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

सेप्सिसपुरते काही वेगळे असेल काय, हे इटलीतील १०० अतिदक्षता विभागांनी पाहिले. १८१८ रुग्णांपैकी निम्म्यांना सलाईनसोबत २० टक्के अल्ब्युमिन देऊन आकडा तीन ग्रॅमच्या वर राखला. २०१४ मधील निकाल : मृत्यू ३१.८ टक्के आणि ३२ टक्के. आकडा सुधारला, रक्तदाबही थोडा लवकर सावरला, पण जिवंत राहणाऱ्यांची संख्या वाढली नाही.

सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र आफ्रिकेतला. युगांडा, केनिया आणि टांझानियातील साध्या रुग्णालयांत, जेथे कृत्रिम श्वासाचे यंत्रही नव्हते, ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३१४१ मुलांवर तो झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. जुलाबाने कोरडी पडलेली मुले यात घेतली नव्हती, हे ध्यानात ठेवावे. काहींना अल्ब्युमिन वेगाने दिले, काहींना सलाईन वेगाने दिले, आणि काहींना वेगाने काहीच न देता फक्त रोजच्या गरजेपुरता द्रव व औषधे दिली. अठ्ठेचाळीस तासांत पहिल्या गटातील १०.६ टक्के, दुसऱ्यातील १०.५ टक्के आणि तिसऱ्यातील ७.३ टक्के मुले दगावली. २०११ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना विश्वास बसेना. गरिबांच्या रुग्णालयात श्रीमंत देशांची पुस्तके जशीच्या तशी लावता येत नाहीत, आणि गरिबांसाठीचे शास्त्र गरिबांमध्ये जाऊनच तपासावे लागते, असे माझे मत या अभ्यासाने पक्के झाले.

मग उपयोग कोठे?

इतके वाचून कुणी अल्ब्युमिनला फसवणूकच ठरवील, तर तोही अन्याय होईल. काही ठिकाणी ते खरोखर जीव वाचवते, आणि त्यातले पहिले स्थान यकृताच्या आजाराचे. दारूने, कावीळ ब किंवा क मुळे अथवा चरबीने यकृत निबर होते, त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. अशा रुग्णाच्या पोटात पाणी साठते. त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकाने जंतू मरतात, पण पुष्कळांची मूत्रपिंडे निकामी होतात. बार्सिलोना येथील डॉक्टरांनी १९९९ साली १२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते प्रतिजैविक दिलेल्यांत ३३ टक्क्यांची मूत्रपिंडे बिघडली, सोबत अल्ब्युमिन दिलेल्यांत १० टक्क्यांची. रुग्णालयातील मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. मात्रा होती पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम व तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला याचा अर्थ पहिल्या दिवशी साडेचार बाटल्या व तिसऱ्या दिवशी तीन. खर्च मोठा आहे. परंतु येथे तो सार्थकी लागतो, आणि कर्ज काढायचेच असेल तर ते येथे काढावे.

पोटातले पाणी सुईने काढताना ते पाच लिटरहून अधिक निघाले, तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत नाही. आठ लिटर काढले तर साधारण तीन बाटल्या. सिऱ्हॉसिसमुळे मूत्रपिंडे बंद पडू लागली तर टर्लिप्रेसिन या औषधाबरोबरही ते दिले जाते. तथापि यकृताचा रुग्ण आहे म्हणून रोज बाटली, हेही बरोबर नाही. ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या ७७७ सिऱ्हॉसिसच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना केवळ आकडा वर ठेवण्यासाठी अल्ब्युमिन दिले गेले. २०२१ मधील निकालात फायदा काही आढळला नाही, उलट फुप्फुसात पाणी भरण्याचे प्रकार अधिक झाले.

हातापायांतील बळ अचानक जाणाऱ्या गियाँ-बारे या आजारात रुग्णाचा प्लाझ्मा यंत्राने बदलतात, तेव्हा काढलेल्या प्लाझ्माच्या जागी अल्ब्युमिनच भरतात. तेथे त्याला पर्याय शोधत बसू नये. सेप्सिसमध्ये सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट हेच पहिले; ते पुष्कळ देऊनही रक्तदाब सावरत नसेल तर अल्ब्युमिनचा विचार करावा, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सौम्य शब्दांत म्हटले आहे. २०२४ मध्ये रक्तसंक्रमणतज्ज्ञांनी तर अतिदक्षता विभागातील प्रौढ रुग्णांना सरसकट, पहिला द्रव म्हणून किंवा केवळ आकडा वाढवण्यासाठी ते देऊ नये, अशीच शिफारस केली.

नातेवाइकांनी काय विचारावे?

डॉक्टरांशी वाद घालण्याचे कारण नाही. नम्रपणे एवढेच विचारावे : 'डॉक्टरसाहेब, हे अल्ब्युमिन नेमके कशासाठी आहे? पोटातल्या पाण्यासाठी की रिपोर्टमधला आकडा कमी आहे म्हणून? किती बाटल्या लागतील, आणि नाही दिले तर काय होईल?' चांगला डॉक्टर या प्रश्नांचा राग मानत नाही. मात्र यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत 'आधी पैसे जमू देत' म्हणून दोन दिवस घालवू नयेत, कारण तेथे पहिल्याच दिवसाला महत्त्व आहे. डोक्याला मार असेल तर मार लागल्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी. बाटली पक्क्या बिलावरच घ्यावी, बिलावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि वापरली न गेलेली सीलबंद बाटली दुकानदार परत घेईल काय हे घेतानाच विचारून ठेवावे.

रक्तदान शिबिरांत राबणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी एक हिशेब. एका रक्तदानातून सुमारे २०० मि.लि. प्लाझ्मा निघतो आणि त्यातून चार-पाच ग्रॅम अल्ब्युमिन हाती लागते. म्हणजे एका बाटलीमागे साधारण चार-पाच दात्यांचे रक्त असते. प्रत्यक्षात कारखान्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जातो. तेव्हा ही बाटली महाग का, याचा थोडा उलगडा होईल. आणि ती कारण नसताना चढवणे म्हणजे केवळ पैशाचाच अपव्यय नव्हे, हेही कळेल.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या, म्हणजे धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च त्या रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून भागवायचा असतो, आणि अल्ब्युमिन हे औषधच आहे. यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्ण दाखल करतानाच रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून तो द्यावा. दाखला नसेल तर रुग्णाजवळ एकाने थांबावे आणि दुसऱ्याने त्याच दिवशी तहसील कचेरी गाठावी.